बचाववाल्याचा भाव

येत्या रविवारी रात्री नऊ वाजता आमच्या लीगमध्ये मतदान आहे. आम्ही आठ जण आहोत. सध्या कोण कुठे आहे ते लिहिता येत नाही, आणि लिहूही नये. पण रोलकॉल आणि जेवण उरकून, ज्याला जिथे रेंज मिळेल तिथून तो फोनवर येईल. प्रश्न एकच आहे: बचावपटूंचे गुण वाढवायचे की नाही? गेले तीन आठवडे यावर इतकी भांडणं झाली आहेत की एकाने दुसऱ्याचा फोन घेणं बंद केलं होतं. माझं मत मी आधीच इथे मांडून ठेवतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, विशेषतः आपल्या पेन्शनर मंडळींसाठी, थोडक्यात सांगतो. फँटसी फुटबॉल म्हणजे कागदावरचा संघ. खरे खेळाडू आपण आपसांत वाटून घ्यायचे, आणि ते खऱ्या सामन्यात जसे खेळतील तसे आपल्या संघाला गुण. ही कल्पना अमेरिकेतली. तिथला फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन पळायचा. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये पहिली अशी लीग सुरू झाली. तीही आठ संघांचीच होती. पुढे तिथे 'डायनेस्टी' नावाचा प्रकार आला, म्हणजे घराणं. त्यात हंगाम संपला तरी संघ मोडत नाही. एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही सोडेपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत तुमचाच. आमची लीग याच जातीची. बराकीत तिला 'खानदानी लीग' म्हणतात.

पैशाचा व्यवहार आमच्यात पहिल्या दिवसापासून नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला, तेव्हा मोठमोठ्या अ‍ॅपवाल्यांचे धंदे थांबले. आम्हाला काही फरक पडला नाही. आमच्याकडे शेवटी येणाऱ्याने जिलेबी द्यायची असते, आणि हिशेब कापडी पुठ्ठ्याच्या एका रजिस्टरात असतो. ते रजिस्टर माझ्याकडे आहे.

लीगचा जन्म इथलाच. २०१८ साली मी चंडीमंदिरला होतो. क्वार्टरसाठी नंबर लागलेला नव्हता, म्हणून परवानगी काढून मोहालीत फेज ११ ला खोली घेतली होती. आता दुसऱ्यांदा याच भागात बदली झाली, आणि योगायोग असा की खोली पुन्हा फेज ११ लाच मिळाली. मोहाली म्हटलं की आपल्या लोकांना क्रिकेटचं स्टेडियम आठवतं. पण त्या वर्षी इथल्या गल्लीत चर्चा फुटबॉलची होती. मोहालीच्या मिनर्व्हा अकादमीतून उभा राहिलेला मिनर्व्हा पंजाब हा क्लब आय-लीग जिंकायच्या दारात होता. ८ मार्च २०१८ ला पंचकुल्याच्या ताऊ देवीलाल स्टेडियमवर शेवटचा सामना झाला. समोर गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. आम्ही चार-पाच जण सुट्टी टाकून गेलो होतो. पहिल्या अर्ध्यात मिनर्व्हाचा एक गोल झाला, आणि मग उरलेला सगळा वेळ नुसती राखण. १-० ने सामना संपला. १९९६-९७ मध्ये फगवाड्याच्या जेसीटीने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती, त्यानंतर पंजाबात पुन्हा देशाचं विजेतेपद आलं.

परतताना गाडीत सगळे गोल मारणाऱ्याबद्दल बोलत होते. तासाभराहून जास्त वेळ ज्यांनी चेंडू बाहेर काढला, त्यातल्या एकाचंही नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. आणि मी स्वतः स्टॉपर आहे. कोल्हापुरात पेठेच्या संघातून खेळत होतो, तेव्हाही शाहू स्टेडियमवरून परतताना कट्ट्यावर गप्पा गोल मारणाऱ्याच्याच असायच्या. स्टॉपरचं नाव निघायचं ते चूक झाली तरच.

त्याच उन्हाळ्यात आम्ही लीग काढली. प्रत्येकाने १५ खेळाडू घ्यायचे, दर हंगामाआधी तीन सोडून तीन नवे घ्यायचे. गुणांची पद्धत इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या फँटसीतून उचलली. साठ मिनिटं खेळला तर २ गुण. गोल फॉरवर्डने केला तर ४, मिडफिल्डरने केला तर ५, बचावपटूने केला तर ६. संघाने एकही गोल खाल्ला नाही तर बचावपटूला ४. दोन गोल खाल्ले तर त्याचा १ वजा.

पहिल्या वाटपात माझा पहिला नंबर लागला आणि मी घेतला कोल्हापूरचा अनिकेत जाधव. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला आपल्या गावचा फॉरवर्ड, त्यात विचार काय करायचा! त्याच संघातला एक स्टॉपर, जालंधरकडचा, मिनर्व्हा अकादमीत घडलेला अन्वर अली, मला बाराव्या फेरीत मिळाला. तोवर सात जणांनी त्याला वगळलं होतं. कारण? बचावपटू.

इथून माझा पहिला मुद्दा सुरू होतो. एका हंगामापुरती लीग असेल तर बचावपटूला उशिरा घेणं बरोबरच आहे. प्रत्येक संघात चार-पाच बचाववाले मैदानात असतात, त्यामुळे बाजारात माल भरपूर. एक गेला तर साधारण तसाच दुसरा मिळतो. आमचा केरळचा क्लार्क हेच सांगतो आणि त्याचं गणित चुकीचं नाही. पण खानदानी लीगमध्ये यंदा कोण किती गुण देईल हा प्रश्न अर्धाच असतो. पाच वर्षांनी कोण मैदानात असेल, हा उरलेला अर्धा. आणि भारतात त्याचं उत्तर फॉरवर्डच्या विरुद्ध जातं.

आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात. क्लब पैसा आधी कुठे ओततात? बहुतेक वेळा पुढच्या ओळीत. नऊ नंबरच्या जागेवर स्पेनचा, ब्राझीलचा, ऑस्ट्रेलियाचा कुणीतरी येतो आणि आपला तरुण फॉरवर्ड विंगवर सरकतो किंवा बाकावर बसून ७५व्या मिनिटाची वाट पाहतो. यात त्या पोरांचा दोष नाही. जागाच कमी. तो परदेशी फॉरवर्ड तरी आपल्या कामाचा आहे का? एक-दोन वर्षांचा करार असतो, मग तो दुसऱ्या देशात जातो. आमच्या रजिस्टरात अशा कापलेल्या नावांनी दोन पानं भरली आहेत. उलट भारतीय स्टॉपर आणि बाजूचे बचावपटू आठवड्यामागून आठवडे पूर्ण ९० मिनिटं खेळतात. आमच्या लीगमधल्या सगळ्यात जास्त मिनिटांची बेरीज काढली, तर वरची बहुतेक नावं बचाववाल्यांची आणि गोलकीपरांची निघतात.

सुनील छेत्रीचं नाव घेऊन मला गप्प करायचा प्रयत्न होतो. १९८४ चा जन्म, जून २०२४ मध्ये भारतीय संघातून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये परतलाही. मान्य. पण चाळिशीतल्या माणसाला परत बोलवावं लागलं, यातच भारतीय फॉरवर्डांची टंचाई दिसते. एका छेत्रीवरून फॉरवर्डचा भाव ठरवायचा, तर मग प्रत्येक गावात एक सचिन सापडायला हवा.

दुसरं उदाहरण इथलंच आहे. संदेश झिंगन, १९९३ चा, चंडीगडचा. २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्समधून आयएसएलमध्ये आला. २०१९ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि पूर्ण हंगाम गेला. पुढच्या हंगामात परतला, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, क्रोएशियाच्या क्लबने बोलावलं. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात पुन्हा दुखापत झाली, हंगाम पुन्हा गेला. तरीही २०२५ मध्ये एफसी गोव्याचा तो स्टॉपर आहेच. क्लब बदलले, प्रशिक्षक बदलले, जागा टिकली. दहा वर्षांपूर्वीचा कुठला फॉरवर्ड तुमच्या संघात अजून रोज खेळतो ते सांगा.

आता पान ३१ वर येतो. ते टाळून हा लेख लिहिता आला असता, पण मग तो खरा झाला नसता.

अन्वर अलीने आम्हाला लगेच खूश केलं. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमध्ये भारताच्या वीस वर्षांखालच्या संघाने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं, तेव्हा दुसरा गोल त्याच्या फ्रीकिकवर होता. मी रोलकॉलच्या आधी सगळ्यांना फोन करून हैराण केलं होतं. मग २०१९ मध्ये बातमी आली की तपासणीत त्याच्या हृदयाचा आजार निघाला आहे. २०२० मध्ये महासंघाने त्याला सराव थांबवायला सांगितलं. त्यात काळजी होती, उगाच काही नव्हतं. २००४ मध्ये बंगळुरूला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा क्रिस्टियानो ज्युनियर मैदानातच गेला होता. ते विसरून कुणी निर्णय कसा घेईल?

त्याच वर्षी माझा स्वतःचा गुडघा गेला होता. युनिटच्याच मैदानावर, एक साधा टॅकल. मेडिकल बोर्डाने 'शेप'मधल्या 'ए'चा तीन केला, तात्पुरता, २४ आठवडे. माजी सैनिकांना सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेप-१ म्हणजे धडधाकट, त्याखाली गेलात की लो मेडिकल कॅटेगरी. मग काही ड्यूट्या बंद, काही कोर्स बंद, बढतीच्या हिशेबात प्रश्नचिन्ह. ज्या कोर्ससाठी मी दोन वर्षं थांबलो होतो, त्याच्या यादीतून माझं नाव निघालं. कुणी वाईट वागलं नाही. नियम होता, आणि नियम बरोबर होता. पण यादी बोर्डवर लागली तेव्हा माझ्या जागी दुसरं नाव होतं, आणि त्या दिवशी मी लंगरमध्ये जेवायला गेलो नाही.

त्याच आठवड्यात आमच्या लीगचा खेळाडू सोडायचा दिवस होता. मोहालीच्या खोलीत गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मी रजिस्टर उघडलं आणि अन्वर अलीच्या नावावर लाल रेघ मारली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: मेडिकल. हात थबकला वगैरे काही नाही. डोक्यात आलंच नाही. बाराव्या फेरीतला स्टॉपर, खेळत नाही, जागा अडवतो, काढा.

त्याला उचललं आमच्या मणिपूरच्या नायकाने. मी त्याला फोनवर म्हटलं, "अरे, त्याला खेळायलाच मनाई आहे." तो म्हणाला, "साब, खेलने से रोका है, खेल थोड़े ही भूला है."

मी फोन ठेवला आणि मग मला कळलं की मी काय केलंय. दोन दिवसांपूर्वी माझ्याबाबत कुणी हे वाक्य म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, महासंघाकडे परत आलं, आणि २०२१ मध्ये त्याला खेळायची वाट मोकळी झाली. एफसी गोव्याने त्याला घेतलं. मार्च २०२२ मध्ये तो भारताच्या मुख्य संघात आला. १४ जून २०२२ ला कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला. मग मोहन बागान, आणि २०२४ मध्ये ईस्ट बंगालकडे जाण्यावरून असा वाद पेटला की महासंघाच्या समितीने १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई ठरवली. तो आदेश न्यायालयात गेल्यावर मागे घेतला गेला. पण आकडा बघा. भारतात दोन मोठे क्लब एका स्टॉपरसाठी कोर्टकचेरी करतात, आणि आमच्या रजिस्टरात तो फुकट दिलेला. माझी तब्येतही टप्प्याटप्प्याने सुधारून शेप-१ वर आली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी मला त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

म्हणून मी बचावपटूंच्या बाजूने मत देणार. पण जो प्रस्ताव मांडला गेलाय तो जसाच्या तसा मला मान्य नाही.

प्रस्ताव इंग्लंडहून आलाय. जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी २०२५-२६ ची आयएसएल थांबवली, आणि रिकाम्या हातांना दुसऱ्यांचे नियम वाचायला वेळ मिळाला. तिथल्या फँटसीत २०२५-२६ पासून बचावाच्या कामाला थेट गुण आहेत. एका सामन्यात चेंडू बाहेर काढणं, आडवं जाणं, मधेच पकडणं आणि टॅकल मिळून दहा झाले तर बचावपटूला २ गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला बारा लागतात, पण त्यात सुटलेला चेंडू परत मिळवणंही धरलं जातं.

याचा फायदा उघड आहे. समजा एका स्टॉपरने १४ वेळा चेंडू काढला आणि शेवटी पेनल्टीवर संघ ०-१ ने हरला. जुन्या हिशेबात त्याला मिळाले २. समोरच्या फॉरवर्डने दिवसभर काही केलं नाही, पेनल्टी तेवढी मारली, त्याला ६. नव्या हिशेबात स्टॉपरला ४ मिळतात. थोडा तरी न्याय. शिवाय गोल न खाण्याचे गुण सगळ्या संघाचे असतात. चांगल्या संघातला सुमार बचावपटूही त्यावर पोसला जातो. टॅकल मात्र ज्याचा त्याचा.

पण यात एक खोट आहे, आणि ती फौजी माणसाला लवकर दिसते. टॅकल मोजले तर ज्याच्यावर जास्त हल्ले होतात त्याला जास्त गुण. म्हणजे दुबळ्या संघातला बचावपटू वर जाणार. जो आधीच योग्य जागी उभा राहिला, ज्याने आवाज देऊन साथीदाराला दोन पावलं सरकवलं, ज्याला बघून समोरच्याने पासच दिला नाही, त्याची वहीत नोंद होणार नाही. ज्या पोस्टवर रात्रभर काही होत नाही, तिथला संत्री झोपलेला होता असं आपण म्हणतो का? पहाटे रिपोर्ट जातो 'सब ठीक', दोन शब्द. त्या दोन शब्दांमागे काय काय होतं, ते तिथे उभा राहिलेला जाणतो आणि त्याला तिथे उभा करणारा जाणतो.

तो उभा करणारा महत्त्वाचा. न झालेला हल्ला मोजता येत नाही, पण प्रशिक्षक कुणाला दर आठवड्याला उतरवतो ते मोजता येतं. म्हणून बचावपटूचा खरा हिशेब मिनिटांत आहे, आणि तोही वर्षानुवर्षांच्या. आपल्या फौजेलाही हे कळतं. शौर्याची पदकं आहेत, तशी ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदकंही आहेत. ती छातीवर लावताना कुणी लाजत नाही.

माझी दुरुस्ती अशी आहे. दहा कामांचे २ गुण घ्या, पण गोल न खाण्याचे ४ वरून ३ करा, म्हणजे चांगल्या संघाच्या सावलीत बसलेल्यांचा फुकटचा भाव उतरेल. आणि जो बचावपटू सलग तीन हंगाम १५०० मिनिटांवर खेळेल, तो आपल्या १५ जणांत मोजू नका, त्याची जागा वेगळी. चौथं कलम फक्त माझं आहे: जो खेळाडू वैद्यकीय कारणाने बाहेर आहे त्याला एक हंगाम सोडता येणार नाही. जागा अडवत नाही, गुण देत नाही, नाव राहतं.

क्लार्क म्हणतो, चौथं कलम भावनेचं आहे, खेळाचं नाही. असेल. पण सगळेच बचाववाले सोन्याचे आहेत असं मी म्हणत नाही. साधा बचावपटू आजही शेवटच्या फेरीत घ्या. भाव द्यायचा तो तिघांना: विशी-चोविशीत रोज खेळणाऱ्या स्टॉपरला, क्लब बदलूनही जागा न गमावणाऱ्याला, आणि कॉर्नर-फ्रीकिकवर पुढे जाऊन डोकं लावणाऱ्याला. २०२४-२५ साठी महासंघाने वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडला तो शुभाशिष बोस, बचावपटूच. तो कुणाच्या संघात होता विचारा. क्लार्कच्या!

इथून साठेक किलोमीटरवर डगशाई आहे. १८८८ मध्ये डुरंड कप तिथे सुरू झाला, फौजेच्या संघांसाठी. परवा रविवारी बाइक काढून जाऊन आलो. वर थंडी सुरू झाली आहे, खाली मात्र भाताची कापणी होऊन हवेत धूर आहे. येताना रस्त्याकडेला थांबून मणिपूरच्या नायकाला (आता तो हवालदार झालाय) फोन लावला आणि अन्वर अली परत मागितला. बदल्यात दोन फॉरवर्ड आणि पुढच्या वर्षीची माझी पहिली निवड देऊ केली. आमच्या लीगमध्ये एका बचावपटूला एवढा भाव कुणी दिलेला नाही.

तो हसला आणि म्हणाला, "नहीं साब."

मतदानाची मोजणी सध्या चार-चार आहे.